लिथुएनियाचा गुडघा, उल्हासनगरचा कॅमेरा

तमाम बंधुभगिनींना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, लिथुएनिया देशाचे नागरिक व व्यावसायिक बास्केटबॉलपटू श्री. केस्तास यांचा उजवा गुडघा दीर्घ आजारानंतर उल्हासनगर मुक्कामी, भर सामन्यात, असंख्य क्रीडारसिकांच्या साक्षीने शांत झाला. त्याच्या पश्चात डावा गुडघा, दोन घोटे, एक वाकडं नाक आणि पावणेसात फुटी मालक असा परिवार आहे. सदर प्रसंगी अस्मादिक जातीने हजर होते. माइक आमच्याच हातात होता.

कुणाला हसू आलं असेल तर हरकत नाही. सांगलीहून निघताना मीही हसतच निघालो होतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि उरलेल्या वेळात दिसेल तो माइक धरतो: लग्न, एकसष्टी, कबड्डी, गणपतीतली पाककला स्पर्धा, मला काहीही चालतं. आमच्याकडचे लोक हल्ली स्वित्झर्लंडला जातात आणि येताना चॉकलेटं आणतात. मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर करून आलो. युरोप मला तिथेच भेटला, लंगडत.

बदलापूर

बदलापुरात माझा कॉलेजातला रूम पार्टनर राहतो, कांबळ्या. शाळेत खेळाचा शिक्षक, आणि संध्याकाळी जो सापडेल त्याला बास्केटबॉल शिकवतो. त्याचा फोन आला तो असा: "मोहित्या, उल्हासनगरला टुर्नामेंटची फायनल आहे, माइकवर तू पाहिजेस. आणि जरा आधीच ये. घरात एक गोरा राहतोय, त्याच्याशी बोलून बोलून माझं सगळं इंग्लिश संपलं."

कात्रपमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं आणि थबकलो. हॉलमध्ये दिवाण, दिवाणाला जोडून प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर उशी आणि उशीवर दोन पावलं. हा माणूस सुरू कुठून होतो ते बघायला मान फिरवावी लागली. दुसऱ्या टोकाला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, एक दाढी वाढलेला चेहरा झोपला होता.

"हळू बोला भावोजी," वहिनी पाण्याचा तांब्या ठेवत कुजबुजल्या. "पहाटे कुठे डोळा लागलाय त्याचा. रात्रभर पाय ठणकतो, आणि आमची झोपमोड नको म्हणून हा बाबा कण्हतसुद्धा नाही. त्यामुळे मला झोप लागत नाही."

हा इथे आला कसा, ते कांबळ्यानं स्वयंपाकघरात सांगितलं. देशात म्हणे एक मोठी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा सुरू होणार होती. केस्तास विमानानं मुंबईत उतरेपर्यंत ती सुरू होण्याआधीच बारगळली होती आणि ज्यांनी बोलावलं त्यांचे फोन बंद होते. त्याच स्पर्धेच्या कामासाठी गेलेल्या कांबळ्याला तो बंद ऑफिसच्या पायरीवर दिसला.

"स्वतःच्या बॅगेवर बसला होता," कांबळ्या म्हणाला. "बसून पण माझ्याएवढा दिसत होता. मी म्हटलं, चल घरी. अजून काय बोलणार?"

दुपारी युरोप जागा झाला. खाली बसून जेवणं त्याला शक्य नव्हतं, टेबलाखाली त्याचे पाय मावत नव्हते, म्हणून या घरानं तोडगा काढला होता: केस्तासचं ताट फ्रिजच्या डोक्यावर. तो फ्रिजपाशी उभा राहून, बँकेत स्लिप भरणाऱ्या माणसासारखा, शांतपणे जेवला. वहिनी मूळच्या चिपळूणच्या. त्यांनी सोलकढीचा ग्लास वर दिला आणि केस्तास त्या ग्लासाकडे बघतच राहिला.

"हा रंग," तो इंग्रजीत म्हणाला. त्याचं इंग्रजी थोडं होतं, पण स्वच्छ होतं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात बीट आंबट ताकात घालून असंच गुलाबी, गारेगार सार करतात आणि सोबत वाफाळते उकडलेले बटाटे खातात. किती वर्षांत खाल्लं नाही, असं विचारलं तर त्यानं खांदे उडवले. उन्हाळ्यात तो कधी घरी नसायचाच. कुठल्या ना कुठल्या क्लबसाठी पाय तयार करत असायचा.

मी भाषांतर केलं. संध्याकाळी फ्रिजवरच्या ताटात दोन उकडलेले बटाटे हजर होते.

त्या दिवाणावर बसून त्यानं मला त्याची कारकीर्द सांगितली. नकाशा म्हणून त्यानं स्वतःचं शरीर वापरलं. आपल्याकडे गल्लीगल्लीत भिंतीवर कोळशानं स्टंप काढलेले असतात, तसं त्यांच्या देशात गोठ्यांच्या भिंतींवर बास्केटची लोखंडी कडी ठोकलेली असतात. याच्या बापानं ठोकलेलं कडं जरा तिरकं होतं, त्यामुळे आजही याचा नेम थोडा उजवीकडे जातो. आधी फावड्यानं बर्फ काढायचा, मग खेळायचं. विशीत तो देशातल्या एका मोठ्या क्लबात पोचला आणि तिथल्या बाकावर बसला. राष्ट्रीय संघाच्या शिबिरातही गेला. बारा जण घ्यायचे होते, हा तेरावा. प्रशिक्षकानं नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं आणि वर म्हणाला, अंडी संपव. त्यानं संपवली.

"मग?"

"मग पोलंड." त्यानं नाकावर बोट ठेवलं. "रुमानिया," डाव्या हाताची दोन बोटं, जी आता मिटत नाहीत. "कझाकस्तान," खांदा. सायप्रसला लग्न मोडलं. ते शरीरात कुठे धरायचं हे त्यानं दाखवलं नाही. लेबनॉनला उजवा गुडघा पहिल्यांदा गेला. त्यानंतर दर वर्षी नवा देश. क्लब लहान होत गेले आणि बसचे प्रवास लांबत गेले.

"आणि आता?"

"मंगोलिया," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

मंगोलियातल्या एका क्लबाला उंच माणूस हवा होता. एकच अट. एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ पाठवायचा, चारही क्वार्टर, न कापता, उंचावरून, सगळं मैदान दिसेल असा. चांगले चांगले तुकडे जोडून कुणालाही खेळाडू बनवता येतो, हे आता मंगोलियालाही कळलंय. नेम चुकल्यावर हा माणूस धावत मागे येतो का, हे त्यांना बघायचं होतं. आणि हाताशी सामना होता एकच: उल्हासनगरची फायनल.

"नाही जमलं तर?" मी विचारलं. मास्तर माणूस, नको ते विचारायची सवय.

"भावाची लाकडाची वखार आहे. ऑफिसात बस म्हणतो. खुर्ची आणून ठेवलीय." 'खुर्ची' हा शब्द त्यानं असा उच्चारला, जसा आपण 'आयसीयू' उच्चारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांबळ्यानं आम्हाला नदीकडे नेलं. हे कुटुंब आधी नदीकाठच्या मांजर्लीत राहायचं. घरात दोनदा पुराचं पाणी आल्यावर कात्रपला आलं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याची रेघ अजून आहे, चहा उतू गेलेल्या पातेल्यावर असते तशी. केस्तास भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रेघ त्याच्या डोक्याच्या वर वीतभर गेली.

"इथे आल्यापासून माझ्यापेक्षा उंच पहिल्यांदाच काही भेटलं," तो म्हणाला.

एरवी मी अशा वाक्यावर मैफल उभी केली असती. पण कांबळ्या त्या रेघेकडे बघत होता.

"फ्रिज तरंगत होता रे," तो म्हणाला. "आम्ही वरच्या मजल्यावरून बघत होतो. माझी सगळी मेडलं गेली. युनिव्हर्सिटीचं पण."

केस्तासनं विचारलं, शोधली नाहीस का नंतर? मी मराठीत सांगितलं.

"त्याला सांग, चिखल काढण्यात महिना गेला. आणि खेळून तर झालंच होतं ना आपलं." कांबळ्यानं हात झटकले. "चला, चहा मारू."

खाली उल्हास नदी जलपर्णीची हिरवी गोधडी पांघरून गप्प पडली होती. केस्तास तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. चहा प्यायला तो आला, पण कप हातात घेऊन उभाच होता.

अंबरनाथ

सराव अंबरनाथला, एका जुन्या कारखान्याच्या वसाहतीतल्या कोर्टवर. सिमेंटला भेगा, भेगांतून गवत, बोर्डाला गंज. आमच्या सांगलीत अशा जागी म्हशी बांधल्या असत्या. इथे मात्र कांबळ्याची माणसं रोज झाडू मारून खेळतात: कुणी कंपनीत शिफ्ट करून आलेला, कुणी कुरियरची बॅग खांबाला टांगून.

मी केस्तासच्या उड्या बघायला सरसावून बसलो होतो. त्यानं एकही मारली नाही. पळालाही नाही. तो बास्केटखाली जाऊन उभा राहायचा आणि चेंडू तिथेच यायचा. मला वाटलं योगायोग. मग लक्षात आलं, चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळतं आणि तो बेतानं, दोन पावलांत, तिथे जाऊन थांबतो. पळणं संपल्यावर शिल्लक राहिलेलं शहाणपण होतं ते.

"गुडघा वाचवतोय," कांबळ्या माझ्या कानात म्हणाला. "त्यात एकच मॅच उरलीय, हे त्याला पण माहितीय."

संध्याकाळी मी त्याला शिवमंदिर दाखवायला नेलं. अंबरनाथला येऊन ते बघायचं नाही म्हणजे सांगलीला येऊन भडंग न खाण्यासारखं. काळ्या दगडाचं, हजार वर्षांचं देऊळ, अंगभर कोरीव काम. शेजारून वालधुनी नदी वाहते, म्हणजे काळी काळी सरकते आणि नाकाला कळवत जाते. केस्तास एकेका मूर्तीपुढे वाकून उभा राहिला. तुटलेले हात, झिजलेली नाकं. "हे पण खेळाडूच," तो म्हणाला, आणि स्वतःच्या नाकाला हात लावला.

या देवळाचा गाभारा खाली आहे. मंडपातून पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जावं लागतं. मी दोन पायऱ्या उतरलो, मागे वळून पाहिलं, तर हा उंबऱ्यातच थांबला होता, चौकटीला दोन्ही हात लावून.

"चढता येतं," तो म्हणाला. "उतरता येत नाही."

"मी हात देतो."

"नको. आज जेवढं उतरीन, तेवढं परवा कमी पडेल."

खालून एक आजी वर येत होत्या, जवळच्या कुठल्या तरी गावच्या, डोक्यावर पदर, मुठीत खडीसाखर. त्या याच्यापुढे थांबल्या आणि आभाळाकडे बघावं तशा बघायला लागल्या.

"काय रं बाला, खाली नाय उतरत?"

"गुडघा दुखतो त्याचा," मी म्हणालो.

"एवढ्या वयात?" मग त्यांनी त्याची दाढी नीट पाहिली. पांढरी झाक दिसली असावी. "हां, वय झालाय," असं स्वतःशीच म्हणाल्या. "हात कर खाली." त्यानं हात पुढे केला, त्यांनी त्यात खडीसाखर ठेवली आणि चालत्या झाल्या.

त्या काय म्हणाल्या, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, सामन्यासाठी आशीर्वाद दिला. त्यानं खडीसाखर तोंडात टाकली. परतताना रिक्षात तो मागच्या सीटवर तिरका, जवळजवळ आडवा पडला होता आणि त्याचा उजवा पाय बाहेर निघाला होता. रस्त्यात सगळे हात करत होते. तोही करत होता.

उल्हासनगर

स्पर्धा हरेशभाईंची. जीन्सचा कारखाना, तोंडात सतत बडीशेप, आणि मन मोठं. त्यांचे वडील फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेले. तिथे बराकीच्या भिंतीला लोखंडी कडं ठोकून बास्केटबॉल खेळायचे. त्यांच्या आठवणीत ही स्पर्धा. फायनलला प्रत्येक संघाला एक पाहुणा खेळाडू घ्यायची मुभा, आणि कांबळ्याच्या संघाचा पाहुणा केस्तास. त्या भिंतीवरच्या कड्याची गोष्ट मी केस्तासला सांगितली तेव्हा त्यानं उठून हरेशभाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. हरेशभाई अख्खेच्या अख्खे त्यात मावले.

"केस्तास-बेस्तास अपने को नहीं जमेगा साईं," त्यांनी जाहीर केलं. "आजपासून हा आपला किशन. आओ किशन, दाल-पकवान खाओ!"

दाल-पकवान झालं. मग किशनला जीन्स भेट द्यायची ठरली आणि त्याच्या मापाची जीन्स अख्ख्या उल्हासनगरात नव्हती. कारखान्यातले मास्तर टेप घेऊन आले, कमरेपासून घोट्यापर्यंत गेले, पुन्हा वर आले, आणि म्हणाले, "सेठ, याच्या पॅन्टीत माझ्या दोन निघतील." मशिनी थांबवून सगळे बघायला उभे राहिले. केस्तास त्यांच्यामध्ये लाजून उभा होता. कुठल्याही देशात गेलं की पहिल्या दिवशी असंच होतं, मला म्हणाला. शेवटच्या दिवशी कुणी नसतं.

आता बंटी. उल्हासनगरातल्या कॅम्प दोन भागात त्याचा लग्नाचे व्हिडिओ काढायचा धंदा आहे. हरेशभाईंच्या घरातली सगळी लग्नं त्यानंच टिपलेली. केस्तासनं त्याला स्वतः कोर्टवर नेलं. शेजारच्या हॉलची गॅलरी दाखवली. हातवारे करून सांगितलं: कॅमेरा वर, मैदान पूर्ण, हलवायचा नाही, थांबवायचा नाही. मी हिंदीत सांगितलं, कांबळ्यानं मराठीत सांगितलं, मंगोलियाचंही सांगितलं.

"समजलं ना सर," बंटी म्हणाला. "मॅच की शूटिंग. टेन्शन कशाला घेता? बारा वर्षं झाली लाईनमध्ये."

सामन्याच्या संध्याकाळी मी माइकपाशी उभं राहून पाहिलं, बंटी गॅलरीत होता, कॅमेरा तिवईवर होता. मी निर्धास्त झालो आणि माझ्या कामाला लागलो.

काय खेळला हो तो! खरं सांगतो, माझी जीभ कमी पडली, आणि ती कमी पडल्याची नोंद माझ्या आयुष्यात नाही. समोरच्या संघात पंचविशीचे घोडे होते. ते उधळायचे, आणि हा चार पावलांत सगळा सामना आवरायचा. खांद्यानं एकाला थोपवायचा, न बघता पास द्यायचा, आणि चेंडू परत आला की अलगद वर सोडायचा, जरासा डावीकडे, बापाच्या तिरक्या कड्याचा हिशेब धरून. नेम चुकला की मात्र पळायचा. दात आवळून, अख्खं मैदान, मागे. मंगोलियाला तेच बघायचं होतं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाहुणे यायला लागले. कोर्टच्या कडेला सोफे मांडले होते. हरेशभाई मला खूण करायचे, मी नाव पुकारायचो, शाल, नारळ, टाळ्या. खाली दिव्याचा झोत फिरताना दिसला. बंटी खांद्यावर कॅमेरा घेऊन सोफ्यांपुढे गुडघ्यावर बसला होता. दुसरा कॅमेरा असेल, असं मी समजलो. चांगल्या लग्नात दोन असतातच.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये केस्तास पहिल्यांदा उडाला. चेंडू त्याच्याकडे येणार नव्हता, म्हणून तो चेंडूकडे गेला. चेंडू मिळाला. उतरताना उजवा पाय खाली टेकला आणि आत दुमडला. मी एक वाक्य बोलत होतो; ते कुठलं ते आठवत नाही, कारण ते पुरं झालं नाही.

त्याला बाकावर बसवलं. कांबळ्या त्याच्यापुढे बसून गुडघा आवळून बांधत होता.

"बस झालं आता. मोहित्या, सांग त्याला, बस झालं."

मी माइक बंद करून जवळ गेलो आणि सांगितलं.

"चार क्वार्टर," केस्तास म्हणाला. "ते पूर्ण सामना मागतात."

चौथा क्वार्टर तो जवळजवळ एका पायावर खेळला. बास्केटखाली खांबासारखा उभा राहिला. पळू शकत नव्हता, पण नेम चुकला की मागे जायला वळायचा, दोन पावलं टाकायचा, पुन्हा टाकायचा. पब्लिक "किशन! किशन!" ओरडत होतं. शेवटचा बास्केट त्याचाच. कांबळ्याचा संघ जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग सगळे नुसतेच त्याला धरून उभे राहिले. तो हसत होता आणि गॅलरीकडे बघून हात करत होता. कॅमेऱ्याच्या पलीकडच्या मंगोलियाला.

कॅम्प दोन

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बंटीच्या दुकानात गेलो. मागे शिलाईच्या मशिनी धडधडत होत्या. दुकानात भिंतभर अल्बम आणि नवरानवरी. केस्तासच्या पायाला पट्टा, हातात कांबळ्यानं कुणाकडून तरी आणलेली काठी, जी त्याच्या हातात रुळासारखी दिसत होती. दारात वाकला तेव्हा कांबळ्यानं त्याला धरलं. हरेशभाई आधीच येऊन बसले होते, सामोसे मागवून.

बंटीनं व्हिडिओ लावला. सनईवर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या.

"ते टेम्प्लेट आहे," बंटी म्हणाला. "नंतर काढतो."

पहिली काही मिनिटं सगळं मैदान दिसलं, उंचावरून, सगळे खेळाडू. केस्तास खुर्ची पुढे ओढून बसला. मग चित्र हललं, गॅलरीचा जिना आला, बंटीचे बूट आले, आणि सोफे आले. हरेशभाईंच्या चाची. चाचींच्या बहिणी. पेढा खाणारे एक गृहस्थ, पेढा संपेपर्यंत. मागे माझाच आवाज, घसा फोडून: "केस्तास! काय पास आहे, वा! बास्केट!" आणि पडद्यावर एक आजोबा कागदी बशीत चटणी शोधत होते. कधी कधी वरच्या कोपऱ्यातून चेंडू जायचा.

"वाह, चाची एकदम हिरोइन!" हरेशभाई म्हणाले.

कांबळ्या पडद्याजवळ गेला. "बंटी, मॅच कुठाय?"

"ही काय, मॅचच आहे ना सर. पूर्ण आहे. एक पण माणूस सुटला नाही."

"अरे, मैदान! मैदान कुठाय? तुला सांगितलं होतं ना, वर थांब, हलू नको?"

"वर होतो की! मग पाहुणे आले." बंटीला खरंच कळत नव्हतं. "सर, बारा वर्षं हेच करतोय. फेरे अर्धे आले तर कोणी काही बोलत नाही. पण एक मामा राहिला ना व्हिडिओत यायचा, तर पार्टी दुकानात येऊन बसते. मॅच तो सबने देखी है. खुद को किसने देखा?"

"दुसरा कॅमेरा?" मी विचारलं.

"दुसरा कुठला?"

हरेशभाईंच्या लक्षात आता आलं. त्यांनी हातातला सामोसा खाली ठेवला. "किशन का वो मंगोलिया..." म्हणाले आणि मोबाइल चाळायला लागले. मोबाइलवर लोकांनी काढलेले तुकडे होते, पुष्कळ होते, पण सगळे तुकडेच. पुन्हा सामना खेळवू, अजून एक ठेवू, मी मैदान बुक करतो, असंही ते म्हणाले. मग त्यांची नजर केस्तासच्या पायाकडे गेली आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा उचललं नाही.

केस्तासला भाषांतराची गरज नव्हती. तो पडद्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यानं इतकी वर्षं स्वतःला फक्त उंचावरून पाहिलं होतं, एक हलता ठिपका, बाकीच्या ठिपक्यांमध्ये. क्लबांचे व्हिडिओ तसेच असतात.

"सर, पण किशनभाईचा एक शॉट एक नंबर आलाय," बंटी घाईघाईनं म्हणाला, आणि व्हिडिओ पुढे नेला. "तिसऱ्या क्वार्टरला सगळे पाहुणे कव्हर झाले होते. म्हटलं, आता हिरोला घेऊ. हे बघा. बिदाईला नवरीचा घेतो ना, तसाच."

पडदाभर केस्तासचा चेहरा आला. बाकावर बसलेला. सोफ्यांकडून झूम केलेला, अगदी जवळ, आणि चित्र हलत नव्हतं. कांबळ्याचे हात खालून गुडघा बांधताना दिसत होते. घाम हनुवटीवरून गळत होता, दाढीच्या पांढऱ्या खुंटांतून. तोंड उघडं. डोळे जमिनीवर कुठेतरी. शिट्टी वाजली तेव्हा त्या चेहऱ्यानं ती ऐकली, आणि उठायच्या आधी क्षणभर डोळे मिटले. मग हात बाकाच्या कडेवर गेला, बोटं पांढरी पडली, आणि तो माणूस उभा राहिला आणि हसला.

केस्तासनं बोटानं खूण केली, मागे. बंटीनं पुन्हा दाखवलं. शिट्टी, मिटलेले डोळे, हात, हसू. पुन्हा मागे. मागच्या मशिनी चालूच होत्या. तिसऱ्यांदा डोळे मिटले तेव्हा केस्तास काठी आपटून अर्धा उठला आणि बाकावरच्या प्रशिक्षकावर ओरडावं तसा पडद्यावर ओरडला:

"अरे, या म्हाताऱ्याला अजून मैदानात का ठेवलंय? घरी पाठवा त्याला!"